स्वयंपाकघराच्या भिंतीवरची काच

१४ ऑक्टोबर २००६
आज आनंदीआनंद. प्रितम म्हणाला, आय, घर सोडायचं का ते उन्हाळ्यात ठरवू. सूनबाईने, मृणालीने, कल्याणला फ्लॅट बघून ठेवलाय. भिंतीला भेग पडली म्हणून कोणी घर सोडतं? आमचं घर भाताच्या खाचरावर बांधलेलं. काळी माती, पावसात फुगते, उन्हात फाटते. तिचा स्वभावच तो. बाळाराम कंत्राटदाराने भेगेवर आडवी काचेची पट्टी चिकटवली. म्हणाला, "मावशे, काच फुटली म्हंजे पाया हालतोय. लगेच सांग. घर खाली करून, पावसाच्या आत पाया बांधून काढू." खाली केलं तर मृणाली परत येतेय कशाला. पण काच फुटायची नाही. नातीने, करिष्माने, काचेला टिकली लावली. फार हुशार पोर.

८ जानेवारी २००७
काच फुटली. पातळच होती, बाळाराम माल हलका घेतो. आमच्या ह्यांच्या फोटोची काच काढली, टेमघरच्या काचवाल्याकडून पट्टी कापून आणली, लावली. टिकलीसकट. ह्यांना काच कशाला, ते तसेही स्पष्ट दिसतात.

९ जानेवारी
आजपासून भिंतीकडे बघायचं नाही.
बघितलं. ठीक आहे.

२ मार्च
दुपारी परत फुटली. ऊन केवढं, काच तापणारच. आता वज्रेश्वरीच्या तसबिरीची लावली, म्हणजे देवीच बघेल. प्रितमने कामावरून आल्यावर विचारलं. अखंड आहे म्हटलं. अखंडच होती.

२० एप्रिल
बाळाराम येऊन गेला. काच बघून खूश. पाया आता हलत नाही म्हणाला, बांधायची गरज नाही. भेगेत सिमेंट ठासलं, वरून रंग. मृणालीने फ्लॅटवाल्याला नको म्हणून कळवलं. मी तांदळाच्या भाकऱ्या आणि जवळा केला, बाळारामालाही वाढलं. करिष्माला म्हटलं, तुझी हळद ह्याच ओटीवर. ती म्हणाली, आजी, मला पिवळं आवडत नाही.

१६ जुलै
अंगणातलं पाणी उतरतच नाही. माती फुगली, भेग मिटायला गेली तर आत सिमेंट. भिंत पोट काढून बाहेर आली. खिडकी उघडत नाही. डास तरी येणार नाहीत. बाळाराम म्हणतो, ओल्यात पाया खणला तर उरलेलं पण खाली बसेल, दिवाळीनंतर बघू. बाळारामाला घाई नाही, मग प्रितम-मृणालीलाच का?

१९ जुलै
टेम्पो आला. दिवाळीपर्यंतच कल्याणला जातोय. करिष्माचं नाव तिकडच्या शाळेत घातलंय, पण शाळेचं काय, बदलता येते. मी पुढच्या खोलीत राहते म्हटलं, तर प्रितमने माझी पेटी न विचारता टेम्पोत चढवली. त्याला म्हटलं, खणायचं बाळारामाला आत्ताच सांगून ठेव, दिवाळीला त्याला वेळ नसतो.
"आय, खणायचं न्हाय आता. पाडायचं हाय."
बरंच झालं, पाया कच्चाच होता. विचारलं, मग नवं कधी बांधायचं?
तो टेम्पोची दोरी आवळत होता. पाऊस मोठा. ऐकू गेलं नसेल.