झाकणाला कोणता मुलामा

३ फेब्रुवारी

चि. सौ. सूनबाईस,
अनेक आशीर्वाद.

पत्र पाहून घाबरू नकोस. तब्येत ठणठणीत आहे, डोकं तेवढं फिरलंय असं शेजारी म्हणतात. मागच्या शेडमध्ये मी एका माणसापुरती पाणबुडी बांधतोय. पोलादी धड तयार आहे. अडलंय वरच्या झाकणापाशी. तू प्लेटिंगच्या कारखान्यात, म्हणून तुला विचारतो. ॲल्युमिनियमचा जाड पत्रा मिळालाय, एका हाताने उचलतो. बिजागरी आणि आवळायचा स्क्रू पितळेचा, वर क्रोमचा मुलामा. आरशासारखं चमकेल. चालेल ना?

तीस वर्षं जहाजांचे तळ खरवडायला पाण्यात उतरलो. कान गेल्यापासून डॉक्टर बादलीतही डोकं बुडवू देत नाहीत. पाणबुडीत कानावर दाब येत नाही. एकदाच खाली जाऊन यायचंय गं.

नवऱ्याला सांगू नकोस. उखडेल.

सगळ्यांना आशीर्वाद, आणि म्हाताऱ्यावर माया असू दे.
तुझा सासरा

११ फेब्रुवारी

ती. बाबांना,
सा. न. वि. वि.

आधी कबुली: त्याला मी सांगितलं. तो तडक भांडी घासायला उठला. एरवी त्याला भांडी दिसतही नाहीत, म्हणजे बघा.

आता झाकण. क्रोम म्हणजे तोंडाला लावलेली पावडर. एक ओरखडा पडला की खारं पाणी आत शिरतं आणि वरचा थाट तसाच ठेवून खालून पोखरतं. त्याहून वाईट तुमचं ॲल्युमिनियम. लोखंड आणि पितळेला लागून ते खाऱ्या पाण्यात ठेवलं, तर तिघांत तेच झिजतं. पांढरी भुकटी सुटते, ती आट्यांत बसली की स्क्रू हलत नाही. झाकण धडाच्याच पोलादाचं करा. वितळलेल्या जस्तात बुडवून घ्या, वर रंगाचे दोन हात द्या. जस्त आधी स्वतः झिजतं आणि आतलं पोलाद राखतं. रबर बसतं ती कड गुळगुळीत हवी. आणि आवळायचा दांडा आतून-बाहेरून, दोन्हीकडून फिरायला हवा. गोदामाच्या दारासारखं दिसेल. दिसू दे.

रागावलात तरी लोभ कमी करू नका.
तुमची सून

१९ मार्च

चि. सौ. सूनबाईस,
आशीर्वाद.

तुझं ऐकलं नाही. पोलादी झाकण खांद्याला पेलेना, आणि खरं सांगायचं तर चमक सोडवेना. क्रोम गाळलं, पण ॲल्युमिनियमच बसवलं. दांडा मात्र दोन्हीकडून फिरणारा केला. तीन आठवडे पाणबुडी धक्क्याला बांधून ठेवली. काल उघडताना स्क्रू कुरकुरला; मी काणाडोळा केला. आत शिरून झाकण आवळलं. थेंबभर पाणी आलं नाही. खूश होऊन दांडा उलटा फिरवला, तर तो जागचा हलेना.

पाऊण तास आत होतो. बुडी मारली नव्हती, तरी हवा जड होत गेली. पान्याने ठोकत राहिलो. बोटींची इंजिनं दुरुस्त करणाऱ्या बाईंनी आवाज ऐकला आणि बाहेरच्या दांड्यावर पाइप चढवून तो फिरवला. आट्यांत पांढरी भुकटी, तू लिहिलीस तशीच. बाहेरून दांडा नसता तर... जाऊ दे. आता सगळं भंगारात घालतो.

नवऱ्याला सांगायचं का, तू ठरव.

चुकलेल्या माणसावरही माया असावी.
तुझा सासरा

२६ मार्च

ती. बाबांना,
सा. न.

तुमचं पत्र तिने माझ्यापुढे ठेवलं आणि बाहेर निघून गेली. मी दोनदा वाचलं.

तुमचा कान गेला त्या दिवशी दोर माझ्या हातात होता. तुम्ही खालून हिसका दिलात आणि मी घाबरून भराभर वर ओढलं. कानातून रक्त येत होतं. तुम्ही कधी एका शब्दाने बोलला नाहीत, म्हणून मलाही विचारता आलं नाही. बावीस वर्षं तुम्ही पाण्याचं नाव काढलंत की मी विषय बदलतो. राग नाही तो.

भंगारात घालू नका. मी रजा काढून येतो.

तुमचा,
मुलगा

१ एप्रिल

चिरंजीवास,
आशीर्वाद.

वेड्या, त्या दिवशी मला सर्दी होती. नाक चोंदलेलं असताना पाण्यात उतरू नये म्हणून तुझ्या आईने सकाळीच बजावलं होतं. खाली जातानाच कानात कळ आली आणि काहीतरी फाटलं, म्हणून दोराला हिसका दिला. तू ओढलंस म्हणून वर आलो. आईची बोलणी नकोत म्हणून गप्प बसलो, आणि गप्पच राहिलो. तुझ्या मनात हे असेल असं सुचलंच नाही रे. चूक सगळी माझी.

लवकर ये. वाट पाहतोय.
बाबा

३० एप्रिल

चि. सौ. सूनबाईस,
अनेक आशीर्वाद.

झाकण तुझ्या मनासारखं झालं. पोलादाचं, जस्तात बुडवलेलं, वर राखाडी रंग. तुझ्या नवऱ्याने बिजागरीमागे वजन टांगलंय, त्यामुळे खांद्याला भार कळत नाही. आठवडाभर पाण्यात ठेवलं, रोज उघडलं, मगच मला आत बसू दिलं.

रविवारी बारा फूट खाली गेलो. गढूळ पाणी, एक जुना टायर, त्यात बसलेला खेकडा. कान दुखला नाही. वर आलो तर माझा चेहरा ओला. तो घाबरला, मी रडतोय हे कळायला त्याला वेळ लागला.

मग तो उतरला. सात मिनिटं. मी धक्क्यावर उभा. तुझी सासू तीस वर्षं हेच करत होती, हे त्या सात मिनिटांत कळलं. ती असताना कळायला हवं होतं.

तो हसत वर आला आणि लगेच पुन्हा गेला. आता रजा दोन दिवस वाढवून घेतलीय. तुला कळवायची हिंमत नाही, म्हणून मला पुढे केलंय. बोलायचं ते मला बोल, पण त्याला आत्ता बोलावू नकोस.

दोघांवरही आहे तशीच माया राहू दे.
तुझा सासरा