मॅच पॉइंटला भाऊजी

२८ जानेवारी, बुधवार
सईला पात्रता फेरीत जागा मिळाली. मुंबईतली मोठी स्पर्धा, परदेशी मुली, स्थानिक खेळाडू म्हणून वाइल्ड कार्ड. शनिवारी पहिली मॅच. मला पेढे वाटावेसे वाटतायत आणि घरात सगळे दबक्या आवाजात बोलतायत.

कारण भाऊजी. ह्यांचे मोठे भाऊ. निर्मळ गावातली केळी-फुलांची वाडी दोघांची. सात वर्षांपूर्वी ह्यांनी केळीची एक पट्टी काढून सईसाठी मातीचं कोर्ट केलं, तेव्हापासून भाऊजींच्या पोटात दुखतंय. दिवाळीत ठरलं: सई मोठ्या स्पर्धेत एक तरी मॅच जिंकली तर कोर्ट राहील, नाहीतर जूनमध्ये तिथे परत केळी. हे 'बरं' म्हणून मोकळे. मला कुणी विचारलं? एकवीस वर्षांची पोर, जवळपास दुसरं कोर्ट नाही. म्हणजे खेळच बंद.

संध्याकाळी भाऊजी म्हणाले, मीपण येतो. सात वर्षांत एक स्पर्धा बघितली नाही माणसाने.

३० जानेवारी, शुक्रवार
शाळेत उद्याची रजा टाकली. मुख्याध्यापिका म्हणाल्या, टेनिससाठी रजा? म्हटलं, मुलीसाठी.

भाऊजींनी लग्नाला घालतात तो पांढरा शर्ट इस्त्रीला दिला. वर दोन किलो सुकेळी बांधून ठेवली. आत काही खायचं नेता येत नाही, हे मी तीनदा सांगितलं. "घरची केळी वाळवलीयत, बॉम्ब नाही," म्हणाले. मी हात टेकले.

सई आजच तिथे राहायला गेली ते बरं. निदान तिला तरी शांतता.

३१ जानेवारी, शनिवार
कसं लिहू? क्रमाने लिहिते, नाहीतर डोकं फुटेल.

सहाला निघालो, खाडीपुलावर सव्वा तास अडकलो. गेटवर सुकेळी अडवली. भाऊजींनी टाकून द्यायला साफ नकार दिला, तिथेच उभ्या रक्षकांना वाटत बसले. सगळ्यांना पुरवून मगच आत आले. तोवर पहिले दोन गेम संपलेले. मध्येच आत सोडत नाहीत, म्हणून आणखी एक गेम जिन्यात. माझा नुसता संताप.

बसलो तर ऊन थेट तोंडावर. पंच सारखे 'थँक यू' म्हणतात. म्हणजे गप्प बसा. भाऊजींना वाटलं आभार मानतायत, त्यांनी प्रत्येक वेळी हात जोडून नमस्कार केला. पुढच्या रांगेतल्या बाई हसल्या. ह्यांचा फोन वाजला. मी दोघांपासून एक खुर्ची सोडून बसले.

पण सई! काय खेळली. समोरची मुलगी तिच्यापेक्षा वीतभर उंच, सर्व्हिस नुसती आदळायची. पहिला सेट गेला, दुसरा घेतला. तिसऱ्यात ५-४, चाळीस-तीस, सर्व्हिस सईची. मॅच पॉइंट. हे मधल्या खुर्चीवर सरकले आणि माझा हात इतका दाबला की बांगडी रुतली.

लांबलचक रॅली. त्या मुलीचा एक चेंडू खोल आला, सईच्या पायाशी, मागच्या रेषेवर. आणि ह्यांच्या पलीकडून भाऊजी ओरडले, "गेला!"

घरी हेच करतात. रोज संध्याकाळी कोर्टाच्या कडेला वाडीतली फुलं ओवत बसतात आणि चेंडू बाहेर पडला की ओरडतात, गेला. पोरगी चुकली की आनंद होतो भाऊजींना, असंच मी इतकी वर्षं समजत आले.

सई थांबली. रॅकेट खाली घेतली आणि हसली. जिंकली असं वाटलं तिला. रेषेवरचा पंच गप्प. वरच्या पंचांनी पॉइंट त्या मुलीला दिला. चेंडू आत होता. प्रेक्षक ओरडला म्हणून पॉइंट परत खेळवत नाहीत म्हणे.

त्यानंतर सईच्या हातून काहीच झालं नाही. ७-५.

परतताना गाडीत चौघं, सई बॅग मांडीवर घेऊन डोळे मिटून.

१ फेब्रुवारी, रविवार
सकाळी भाऊजींना सरळ विचारलं. लग्नाला तेवीस वर्षं झाली, कधी त्यांच्यासमोर आवाज चढवला नव्हता, आज चढवला.

"भाऊजी, मुद्दाम केलंत ना?"

ते दातण करत होते. चूळ भरली, तोंड पुसलं आणि म्हणाले, "मला गेलेला दिसला." बस. आत निघून गेले.

हे म्हणतात, दादा असं करणार नाही, तोंडातून निघून गेलं असेल. ह्यांच्या लेखी सगळं निघूनच जातं. केळी लागणार कुणाची? जूनमध्ये पट्टी परत मिळणार कुणाला? मी काही दूधखुळी नाही.

दुपारी हेच सगळं सईला ऐकवलं. तिने खूप वेळ रॅकेटची ग्रिप सोडवली, परत गुंडाळली. मग म्हणाली, "आई, मला चेंडू आत दिसला होता. स्वच्छ. तरी थांबले. काका म्हणाले ना."

म्हटलं, तुझ्या डोळ्यांपेक्षा त्यांच्यावर विश्वास? तर म्हणे, सात वर्षांत काका एकदाही चुकले नाहीत. शंका आली की उठून मातीतल्या खुणेवर बोट ठेवून दाखवायचे. बाबा तिला बरं वाटावं म्हणून बाहेरचे चेंडूसुद्धा आत द्यायचे, काका कधीच नाही. त्यांच्यामुळेच रेषेवर मारायला शिकले, म्हणाली.

मला यातलं काही माहीत नव्हतं. मी स्वयंपाकघरातून फक्त 'गेला' ऐकत होते. मला रडू आलं आणि रागही गेला नाही, दोन्ही एकदमच.

३ फेब्रुवारी, मंगळवार
तीन दिवस भाऊजी कोर्टाकडे फिरकले नव्हते. फुलं पडवीतच ओवली. आज मी शाळेतून आले तर भाऊजी कोर्टावर दोरी आणि खुंट्या घेऊन हजर. जूनमध्ये केळीचे मुनवे लावायचे म्हणून आत्तापासून अंतरं मोजायला. ठरल्याप्रमाणे. ह्यांनी मान खाली घालून दोरीचं दुसरं टोक धरलं. ह्या माणसाला काय म्हणावं.

सई आली, पलीकडच्या अर्ध्यात उभी राहून सर्व्हिस करायला लागली. पहिली रेषेजवळ पडली. भाऊजींनी मान वर केली, तोंड उघडलं आणि मिटलं.

"काका, आत की बाहेर?"

"मला विचारू नकोस, बाय."

"तुम्ही सांगितल्याशिवाय दुसरी मारणार नाही."

आणि खरंच थांबली. हातात चेंडू. भाऊजी दोरी घेऊन तसेच. हे कधी इकडे बघतायत, कधी तिकडे. चेंडूची खूण तिथेच मातीत आहे, दोन पावलांवर. जाऊन बघायला कुणाचे पाय उचलत नाहीत.

मला ओरडावंसं वाटतंय, अहो, बोला काहीतरी. बाहेर म्हणा, चालेल. पण बोला. मी आत येऊन कुकर लावला, तीन शिट्ट्या झाल्या, गॅस बंद केला. ओट्याशी उभी राहूनच हे लिहितेय. खिडकी उघडी आहे. कान तिकडेच आहेत: अजून ना 'गेला', ना दुसरी सर्व्हिस.