डोंगरावर राहून गेलेलं वाक्य

प्रिय अहो,

शनिवार, २४ सप्टेंबर २००५, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटं. तुमचा दहावा दिवस. तुमच्या त्या लाडक्या डोंगराच्या पायथ्याशी तिथलं जंगल सांभाळणाऱ्या एका रेंजरने मला बोलू दिलं नाही. तोंडाने सांगायचं राहिलं, म्हणून लिहिते आहे.

डोंगरावर जायचं अमितनेच ठरवलं. गुरुजींनी फोनवर सांगितलं होतं, पिंड ठेवा, कावळा शिवला की झालं. पण इथे परदेशात शेजाऱ्यांच्या देखत लॉनवर भात ठेवून हात जोडून उभं कसं राहायचं? अमित म्हणाला, "आई, बाबांना तिकडेच आवडायचं." आपला मुलगा इतकं शहाण्यासारखं क्वचित बोलतो. मी लगेच हो म्हटलं. कावळ्यावर माझा विश्वास नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. पण तुमच्यासाठी काहीतरी करायला तर मिळत होतं.

मी, अमित आणि सूनबाई शर्वरी, तिघंच होतो. लाकडी पुलाजवळच्या सपाट दगडावर भात ठेवला. वर तुमचा तो ओबडधोबड डोंगर, सप्टेंबरातही डोक्यावर बर्फ घेऊन बसलेला. खाली ताकासारखी पांढुरकी नदी. पाटबंधारे खात्यात सगळी नोकरी पाणी अडवण्यात घालवलीत, आणि हिच्यासमोर उभे राहून म्हणायचात, "हिला मात्र कोणी अडवू नये."

गेले तीन हिवाळे तुम्ही मला तिथे नेलंत. अडुसष्टाव्या वर्षी माकडटोपी घालायची, टेनिसच्या रॅकेटीसारखे ते भाड्याचे बर्फाचे बूट पायाला बांधायचे आणि निघायचं. मी लॉजच्या खिडकीशी चहा घेऊन बसायची. तरुण पोरं स्कीवरून सुळकन जायची आणि त्यांच्यामधून तुम्ही, बदकासारखे. एकदा सपशेल आडवे झालात, तर उठायच्या आधी माझ्या खिडकीकडे बघून हात हलवलात. परत आलात की नाक लाल आणि तोंडी एकच वाक्य. "चल ना एकदा. पुलापर्यंतच. तिथून नदी बर्फाखालून बाहेर येताना दिसते."

मी म्हणायची, "ती बाहेर आली की मला कळवा."

तर डोमकावळा आला. चांगला कोंबड्याएवढा, समोरच्या झाडावर बसला. शर्वरीला शंका, "आई, हा रेव्हन आहे, क्रो नाही. चालेल का?" मी म्हटलं, "इथे रमलेल्या माणसाला इथलाच येणार."

आधी अमित बोलला. "बाबा, तुम्ही अजिबात वरी करू नका. नोव्हेंबरमध्ये मी स्वतः आईला पुण्याला सोडतो. फ्लॅट आहे, मावशी जवळ आहे, कामाला बाई मिळते."

मी पुण्याला जाणार आहे, हे मला त्या दगडापाशी कळलं! तुमच्या मागे उरलेलं सामान आहे का हो मी? पण रागवू कशी? पोराचे डोळे रडून सुजलेले. दोघंही सकाळी सातला बाहेर पडतात, आई घरात एकटी पडली तर कोण बघणार, ही त्याची धास्ती. प्रेमानेच हाकलतो आहे.

डोमकावळ्याने मान फिरवली. शर्वरीने सांगितलं, "बाबा, मी आईंना रोज फोन करीन." तो जागचा हलला नाही. मग मी हात जोडले, तोंड उघडलं, आणि मागून त्या रेंजरचा आवाज आला, "मॅडम, इथे पक्ष्यांना खायला घालता येत नाही."

मी माझ्या कॉन्व्हेंटच्या इंग्रजीत सांगितलं, "आम्ही त्याला खायला घालत नाही. विचारतो आहोत."

"काय विचारताय?"

"माझ्या नवऱ्याचं काही मागे राहिलंय का, ते."

त्याने टोपी काढली. "सॉरी फॉर युअर लॉस" म्हणाला. आणि टोपी काखेत धरून सगळा भात पिशवीत भरला. अमित माझ्या कानाशी, "आई, प्लीज, फाइन लागेल." तेवढ्यात कावळा उडाला.

बोलणाऱ्याला मध्ये तोडू नये, हे आम्हाला सिस्टरने पहिलीत शिकवलं होतं. नियम नियम म्हणून मान्य. पण एक वाक्य संपेपर्यंत थांबता येत नव्हतं का?

गाडीत अमित म्हणाला, "इट्स ओके आई, ते सगळं सिम्बॉलिक असतं."

"मग एवढं लांब ड्राइव्ह कशाला केलंस?"

तुम्ही रोज सकाळी चहा गाळताना विचारायचात, "दिसतोय का?" मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघून सांगायची, दिसतोय किंवा ढग आहेत. तुम्ही गेल्यावर तीन दिवस नुसते ढग होते. चौथ्या दिवशी डोंगर लख्ख दिसला आणि मी मोठ्याने म्हणून गेले, "दिसतोय." घरात कोणी नव्हतं. तरी ते म्हणायला बरं वाटलं. पुण्याच्या खिडकीतून समोरच्या बिल्डिंगची गॅलरी दिसते. तिथे मी कोणाला काय सांगू?

आज अमितला सांगितलं की मी जाणार नाही. "आई, विंटरमध्ये दिवसभर एकटी? पडलीस तर?"

"तुझे बाबा पडले की हात हलवायचे. मीही हलवीन."

हसला नाही. तिकीट ३१ ऑक्टोबरपर्यंत धरून ठेवलंय म्हणाला, तोवर विचार कर.

तर माझं राहिलेलं वाक्य हे. मी इथून कुठेही जात नाही, आणि ह्या हिवाळ्यात ते रॅकेटीचे बूट बांधून मी येईन. पुलापर्यंतच.

रेंजरच्या ऑफिसला मी पत्र टाकलं आहे, एक वाक्य संपेपर्यंत का थांबता आलं नाही, त्याचं ३१ ऑक्टोबरच्या आत लेखी उत्तर हवं म्हणून. तुम्हालाही तीच मुदत, आणि लेखीच हवं. अमित तोंडी पुरावा मानत नाही. तोवर पुलावर बर्फ पडलेला असेल. त्यावर डोमकावळ्याची चार पावलं उमटवा. मी ते तुमचं अक्षर म्हणून ओळखेन. नाहीतरी ते तसंच होतं.

तुमची,
सुमन