शेंगाचटणीचा आळ

मंगळवार, संध्याकाळ

आज लॅपटॉप दुरुस्तीला नेला. दुकानदाराला मीच आधी सांगितलं, "वडील त्याच्याजवळ बसून शेंगाचटणी खायचे. त्यानंच बटणं अडकलीत."

त्यानं झाकण उघडलं. "चटणी कुठाय साहेब? आतली बॅटरी फुगलीय की. तीच कीबोर्ड खालून वर ढकलतीय."

त्या चटणीवरून मी पप्पांना पाहुण्यांदेखत बोललो होतो. "चुकलं बाबा," एवढंच म्हणाले. परवा, ते गेल्यानंतरच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमातही मी तीच गोष्ट हसत हसत सांगितली. का सांगितली?

घरी येऊन आईला खरं काय ते सांगितलं. ती भाकरी थापत होती, थांबली नाही.

"तू बोललास तेव्हापासून ते ताट घेऊन गॅलरीतच बसायचे की रे."

मला वाटायचं, पप्पांना वारा आवडतो.