मागून येणारी

४ मार्च, मंगळवार

आरशात कोणी नाही!

हँडलला लावलेला तो बोटभर आरसा. सकाळपासून त्यात यांची निळी टोपी डुलत होती. कालव्याच्या पुलावरून खाली उतरले, पुन्हा नजर टाकली, तर नुसता रस्ता. 'अहो! अहो!' करून ओरडले तर सायकल ट्रॅकवरचे निम्मे पुरुष वळून बघायला लागले. जन्मभर नवऱ्याला नावाने हाक मारली नाही, आता ती कशी सुचणार?

सापडले. मागे, फाट्यावर. जिथून एक वाट तळ्याकडे जाते आणि दुसरी हायवेला लागते, तिथे. सायकल दोन पायांत धरून उभे, एकदम निवांत. मी घामाघूम.

'कुठे निघाला होतात?'

'कुठे नाही. मला थांबायचंय.'

'कशाला?'

'तुम्ही व्हा पुढे, बाई.'

बाई म्हणे! भाजीवालीशी बोलतात तसं. रडू आलं, पण हेल्मेटचा पट्टा घट्ट करण्याच्या निमित्ताने ते गिळलं. घरी आणेपर्यंत जीव मुठीत.

५ मार्च, बुधवार

लेकीला फोन केला. करायला नको होता. 'आई, मी तुला सांगितलं होतं ना, तू पुढे राहा, बाबांना मागे ठेव, म्हणजे ते तुझ्या मागोमाग येतील!' अगं, महिनाभर तेच तर करतेय. आरसाही तूच पाठवलास. मागोमाग येतात आणि मधेच नाहीसे होतात. माझ्यापासून पळून जातात. हे मी तिला बोलले नाही. इथे लिहिते.

पळूनच जातात. दुसरं काय म्हणायचं?

७ मार्च, शुक्रवार

सायकल बंद ठेवली. हे दिवसभर पँटच्या पायाला क्लिप लावून घरात येरझाऱ्या घालतायत. क्लिप काढली की पुन्हा लावतात.

८ मार्च, शनिवार

मी हरले. नाही बघवलं, काढल्या सायकली.

सायकलवर बसले की हे बरे असतात, म्हणून तर माझा सगळा आटापिटा. घरात शर्टाचं बटण सापडत नाही, संडासचं दार सापडत नाही. पण टांग टाकली की पाठ ताठ, लय ठरलेली, वळणाआधी ब्रेकवर बोटं आपोआप. डॉक्टर म्हणाल्याच होत्या, चेहरे आधी जातील, अंगाच्या सवयी शेवटी. माझा चेहरा गेला. पहिल्या खेपेलाच!

तर आज पुन्हा आरसा रिकामा. फाट्यावर बघितलं, तिथेही नाहीत. मी हायवेकडे धावत सुटले, सायकल हातात धरून. चढावं हेसुद्धा सुचलं नाही. समोरून एक टेम्पोवाला यांना दंडाला धरून आणत होता. कोपर सोलवटलेलं, टोपी गायब.

'काकू, तुमचे का हे? रस्त्याच्या मधोमध उलटे येत होते. ब्रेक लागला म्हणून वाचले. घरात कोणी लक्ष देत नाही का?'

हात जोडले. तोही मग जरा विरघळला. 'कोणाला तरी शोधत होते म्हणे,' म्हणाला.

कोणाला, ते मला ठाऊक आहे. सासूबाईंना. आजार असा असतो म्हणे, जुनी माणसं शिल्लक राहतात. सासूबाई जिवंतपणी मला कधी पुढे जाऊ देत नव्हत्या, आता जाऊनही पहिला नंबर त्यांचाच. कोपराला औषध लावताना हे बोलले मी यांना. हसले! काय कळलं कोण जाणे.

९ मार्च, रविवार

लेक आणि जावई येऊन गेले. टेम्पोचं त्यांना कळलंच. शेजारीण आहे की आमची, बातमीपत्र.

अशा विसरभोळ्या म्हाताऱ्यांना सांभाळणारी एक संस्था बघून ठेवली आहे त्यांनी. पुढच्या सोमवारी एक जागा रिकामी होतेय. जावई भला माणूस, खाली मान घालून म्हणाला, 'आई, उद्या त्यांना काही झालं तर तुम्ही स्वतःला माफ कराल का?' लेक तोंड फिरवून खिडकीशी उभी. ती रडली की तिचे कान लाल होतात, लहानपणापासून.

'विचार करते,' म्हटलं. कसला विचार! डोकं नुसतं बधिर झालंय.

ते गेल्यावर सायकलींपाशी जाऊन बसले. पूर्वी हे कायम पुढे, मी कायम मागे. लग्न झाल्यापासून. मला चिडवायचे, 'आमचा मालडबा.' रस्त्यात खड्डा असला की हात पाठीमागे नेऊन बोट खाली दाखवायचे, माझ्यासाठी. फाटा आला की थांबायचे. मागे मात्र बघायचे नाहीत. 'मान वळली की सायकल वळते' हा त्यांचा सिद्धांत. मी पोचले की दोनदा बेल द्यायची, ट्रिंग ट्रिंग, की हे निघाले. आमचा अबोला चालू असला तरी बेल ही द्यायचीच. एकदा नणंदेच्या साड्यांवरून आठवडाभर बोललो नव्हतो. पण बेल चालू!

आता मी पुढे. पुढच्याला कसली बेल.

११ मार्च, मंगळवार

संस्था बघून आले. स्वच्छ आहे. फरशी इतकी पुसलेली की पाय ठेवायला संकोच वाटला. खिडक्यांना जाळी, फाटकाला बाहेरून कडी. तिथल्या मावशी प्रेमळ आहेत. 'फिरायला अंगण आहे ना,' म्हणाल्या. अंगण बघितलं. चौकोनी. भिंतीपर्यंत गेलं की वळायचं, पुन्हा भिंत.

एक आजोबा माझा हात धरून बसले. सोडेनातच. सोडवून घेतला आणि बाहेर येऊन भर रस्त्यात रडले. लोक बघत होते. बघू देत.

१२ मार्च, बुधवार

हो म्हणून कळवलं.

१५ मार्च, शनिवार

यांची बॅग भरत होते. लोकरीची टोपी, दाढीचं सामान, तीन पायजमे. हे दारात उभे राहून बघत होते. म्हणाले, 'कोण चाललंय गावाला?'

मी म्हटलं, 'पाहुणे.'

'असं का,' म्हणाले. बॅगेबाहेर लोंबणारी पायजम्याची नाडी त्यांनीच आत नीट खोचून दिली.

देवा, मला ने. नाहीतर यांना. दोघांपैकी एकाला तरी सोडव.

१६ मार्च, रविवार

नखांत वंगण अजून तसंच आहे. पण लिहून काढते.

शेवटची फेरी मारायची ठरवली होती. लेकीला न सांगता. जावई उद्या यांना सोडून आल्यावर सायकलीही घेऊन जाणार होता. म्हटलं, तळ्यापर्यंत जाऊ, बाकावर बसू, परत येऊ. मी पुढे, हे मागे. रस्त्यापेक्षा मी आरसाच जास्त बघत होते. निळी टोपी टेम्पोखाली गेली, आता तपकिरी.

पुलाच्या बऱ्याच अलीकडे खाडकन माझी चेन उतरली. पाय फुकट फिरायला लागले. मी उतरले तोवर हे शेजारून पुढे निघून गेले. 'सांभाळून, बाई,' असं सभ्यपणे म्हणाले आणि गेले! मी ओरडले, थांबा, अहो थांबा! कसले थांबतात. वळणाआड गेले.

पुढे फाटा. फाट्यापुढे हायवे. आणि मी चेन उपसतेय. ती चाक आणि दांडीच्या मधे अशी जाऊन बसलेली की निघता निघेना. बोटं कापली. डोळ्यांपुढे तो टेम्पो. मनात आलं – लिहू? – लिहितेच. मनात आलं, होऊन जाऊ दे एकदाचं. आणि त्याच क्षणी स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली. चेन बसली. कशी बसली माहीत नाही. चढले आणि हाणली.

वळण घेतलं. फाट्यावर हे उभे. एक पाय जमिनीवर, एक पेडलवर, पाठ माझ्याकडे. कुत्रं फिरवायला आलेली एक मुलगी त्यांना विचारत होती, 'आजोबा, वाट चुकलात का? कुठे जायचंय?'

'चुकलो नाही. बायको मागून येतेय माझी. तिची चेन सारखी उतरते.'

मी जागच्या जागी थांबले.

बायको मागून येतेय.

महिनाभर मी पुढे होते! महिनाभर त्यांच्या मागे कोणीच नव्हतं. फाटा आला की हे थांबणार, बेल येणार नाही. मग उलटं फिरून शोधायला जाणार. फाट्यावर मला. हायवेवर मला. आणि मी सासूबाईंच्या नावाने बोटं मोडत बसले!

अंगठा बेलवर होता. दोनदा दाबला.

'आलीस?' मागे न बघता म्हणाले. 'दमलीस काय गं?'

पुन्हा बेल दिली. तेवढं त्यांना पुरलं. तळ्याच्या वाटेला लागले, हायवेकडे बघितलंसुद्धा नाही. पुढे डांबर उखडलंय तिथे हात पाठीमागे आला आणि बोट खाली दाखवलं.

मी खड्डा चुकवला. डोळ्यांतून धार लागलेली, तरी चुकवला.

१७ मार्च, सोमवार

जावयाला दारातूनच परत पाठवलं. जागा नको. लेक फोनवर तावातावाने भांडली, मग गप्प झाली. कान लाल झाले असणार. बॅगेतले पायजमे पुन्हा कपाटात. आरसा काढून टाकला.

संध्याकाळी चहा दिला तेव्हा हे माझ्याकडे बघून म्हणाले, 'बाई, काल माझी बायको भेटली. सायकलवर. बरी आहे ती.'

'हो का?' म्हटलं. 'उद्या पुन्हा येणार आहे.'