आप्पांच्या हातात दिलेला नारळ

प्रिय माय,

तुझ्या वर्षाची मीस होऊन आठ दिवस झाले. इगर्जीत फादरनी तुझं नाव घेतलं, मेणबत्त्या लावल्या, माणसं जेवून गेली, मी कसालला परत आले आणि शाळेत रुजूही झाले. आता डोळे पुसून कामाला लागायचं, असं ठरवलं होतं. पण काल आपले आप्पा गावकर कसालच्या बाजाराला आले होते, ते वाट वाकडी करून माझ्याकडे आले. ओटीवर बसले, माझ्या हातचा चहा घेतला (हो, घेतला! काळ बदललाय), आणि जाता जाता एक गोष्ट सांगून गेले. तेव्हापासून माझं कशात म्हणून लक्ष नाही. चौथीच्या वह्या तपासायला घेतल्या आणि सगळ्या पोरांना दहापैकी दहा देऊन मोकळी झाले. उद्या हेडमास्तर विचारतील तेव्हा बघू.

आप्पांनी काय सांगितलं ते लिहिणारच आहे. पण आधी माझं ऐक. बारा वर्षं पोटात ठेवलंय. नारळाची गोष्ट फादरना सांगणारी मी होते, माय. दुसरं तिसरं कोणी नव्हतं.

आठवतं का तुला ते साल? गोवा अजून फिरंग्यांकडे होता, हद्द बंद होती, तुझ्या माहेरचं माणूस वर्षभरात दिसलं नव्हतं. पापा बोटीवर, आणि तीन महिने त्यांचं पत्र नाही. पोस्टमन वळणावर दिसला की तुझं शिवणाचं मशीन थांबायचं. तो सायकल न थांबवता पुढे गेला की ते पुन्हा सुरू व्हायचं. मी मात्र चवथ्या वेळेपासून त्या पोस्टमनला शिव्या द्यायला लागले होते.

त्यातच गावपळण आली. देवाचा कौल झाला की सगळ्या गावाने तीन दिवस वेशीबाहेर जाऊन राहायचं, गुरंढोरं, कोंबड्या, म्हाताऱ्याकोताऱ्या सगळ्यांना घेऊन. मागे कुणाच्या घरात चूल पेटता कामा नये. मी दहा वर्षांची, नुकतीच दोत्रीनला, फादरांकडे धर्माचे धडे घ्यायला, जायला लागलेली, म्हणजे शहाणपणाची पेटीच! मी तुला फैलावर घेतलं. कौल त्यांच्या देवाचा, मग आपण कशाला घर सोडायचं? आपण त्यांच्या देवाला भितो का? तू म्हणालीस, भीत कोणी नाही. पण आपल्या एका घरातून धूर निघाला तर सगळ्या गावाला तीन दिवस घास गोड लागणार नाही. आणि माडाच्या झावळीखाली तीन दिवस झोपल्याने आपला क्रिस्तांवपणा काही झिजत नाही. मला ते पटलं नव्हतं. तोंड फुगवून मी कोंबड्यांची टोपली उचलली.

काय ती आपली वरात! तुझ्या डोक्यावर मशीनचं वरचं धूड, कपड्यात गुंडाळलेलं. माझ्या काखेत कोंबड्या. आणि मागे दोरीला आपलं डुक्कर, ज्याला गावपळण अजिबात मान्य नव्हती. वेशीबाहेर सगळ्यांनी जवळजवळ झोपड्या घातल्या. तू डुकराला मात्र ओहोळाच्या पलीकडे, वारा ज्या बाजूला जातो तिकडे, लांब नेऊन बांधलंस आणि दिवसातून दोनदा चिखल तुडवत त्याला खायला घालायला गेलीस. तीन दिवस आपल्या चुलीवर मांस शिजलं नाही. तुला तसं कोणी सांगितलं नव्हतं.

पण संध्याकाळ झाली की तू झोपडीच्या दारात गुडघ्यावर बसायचीस आणि जपमाळ घेऊन तेर्स म्हणायला लागायचीस, घरी म्हणायचीस तेवढ्याच आवाजात. बाजूला ढोल वाजत होता म्हणून चढवला नाहीस आणि शेजारी बसले होते म्हणून उतरवला नाहीस. मला कानकोंडं व्हायचं. मी ओठातल्या ओठात पुटपुटायची आणि तू कोपराने ढोसायचीस. दुसऱ्या दिवशी आप्पांच्या काकी हळूच येऊन विचारून गेल्या, की ह्याच्यात त्यांच्या दुखऱ्या गुडघ्याचं नाव घेतलं तर चालेल का. तू घेतलंस. रोज घेतलंस, पुढे घरी आल्यावरही.

तिसऱ्या दिवशी सकाळी आप्पा आले. गावाच्या वतीने गाऱ्हाणं घालायचा मान त्यांचा, देवापुढे उभं राहून सगळ्यांसाठी मागणारे तेच. ते म्हणाले, रोजा, तीन महिने झाले, तुझ्या घोवाचा पत्ता नाही, एक नारळ दे, त्याचंही नाव गाऱ्हाण्यात घेतो. त्यांचे डोळे भरले होते. पापा आणि ते लहानपणी एकत्र खेळलेले. मी तुझ्या लुगड्याचा पदर धरून उभी होते, आणि मनातून ओरडत होते, दे माय, दे!

आणि नेमकं तेव्हाच ते मेलं डुक्कर सुटलं! गलका झाला, मी धावले. ओहोळातून, कुणाच्या भाताच्या टोपापर्यंत जाऊन त्याला धरून आणलं. दोरी ओढत परत आले तेव्हा तू आप्पांच्या हातात नारळ देत होतीस. तू माझ्याकडे पाहिलंस. मी कशाला काय विचारतेय? मला जे हवं होतं ते झालं होतं.

घरी परतल्यावर आठवड्याच्या आत पापांचं पत्र आलं. बोट कुठल्याशा बंदरात दुरुस्तीला अडकली होती, बाकी सगळे खुशाल. तू वेदीपुढे मेणबत्ती लावून आलीस. मी मात्र मनाशी हिशेब पक्का केला, की ही नारळाची करामत.

त्याच आठवड्यात तू धुवून इस्त्री केलेली वेदीची कापडं घेऊन मला फादरकडे पाठवलंस. फादरनी पापांची चौकशी केली आणि मी फुशारकीने सांगून टाकलं: आईने देवाला नारळ दिला, आप्पांनी गाऱ्हाणं घातलं, म्हणून पत्र आलं. फादरनी कापडं मोजून घेतली, मला एक केळं दिलं आणि घरी जा म्हणाले. ते केळं खात मी घरी आले, माय. आजही केळं सोलताना मला ते आठवतं.

दोन दिवसांनी फादरनी तुला बोलावून घेतलं. काय झालं ते तू मला कधी सांगितलं नाहीस, पण पापांना कळवायला तर हवं होतं, आणि तुला लिहिता येत नव्हतं! तू सांगायचीस आणि मी लिहायची. मशीनवर बसल्या बसल्या तू सांगत गेलीस आणि मी तुझ्या तोंडचे शब्द लिहीत गेले, की मी परक्या देवाला नारळ ठेवला असं फादरना कळलंय. ते म्हणतात, कुमसारात कबूल कर, लहानसं प्रायश्चित्त देतो, तोवर कोमुन्यांवाला, प्रसाद घ्यायला, पुढे येऊ नकोस. मी त्यांना सांगितलं, जा मी करूक नाय, ता केलंय म्हणान कसा सांगू? फादर मनाने बरे आहेत, त्यांच्यावर रागावू नका. आणि ज्याने कोणी सांगितलं त्याने वाईट मनाने सांगितलेलं नाही, त्याच्यावरही रागावू नका.

हे मी माझ्या हाताने लिहिलं. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की नारळ देवासाठी नव्हताच. तोंड उघडायची वेळ तीच होती. मी खाली मान घालून पाकिटाला खळ लावली.

नाताळात तू इगर्जीत शेवटच्या बाकावर बसलीस. सगळ्या बाया रांगेने प्रसादाला गेल्या, वळून वळून बघत गेल्या. तू हात जोडून होतीस तिथेच. घरी येऊन नेवऱ्यांचं पहिलं ताट फादरना पाठवलंस, आणि आपल्या घरचं शिजलेलं आप्पांकडे चालत नाही म्हणून त्यांना नेहमीसारखे तांदूळ, साखर आणि केळ्यांचा घड. वेदीची कापडंही दर शनिवारी तशीच पांढरीशुभ्र जात राहिली. बाजूच्या बाया म्हणायच्या, रोजाला हट्टीपणा नडतोय, कबूल केलं तर काय जातंय? मलाही तसंच वाटायचं! एवढंसं कबूल कर ना गो बाय, म्हणजे मी सुटले, असं मी रोज मनात म्हणायचे. केवढी स्वार्थी होते मी!

कारण ईस्टरला माझं पहिलं कोमुन्यांव होतं. तू माझा पांढरा फ्रॉक शिवत होतीस, गळ्याला बारीक लेस लावून. सगळ्या मुलींच्या आया त्या दिवशी मुलीशेजारी गुडघे टेकून प्रसाद घेणार होत्या. मी तुला विचारलं, तू येशील ना माझ्या बाजूला? तू दातांनी दोरा तोडलास आणि म्हणालीस, मी मागे आसय.

मग एक दिवस कट्टा गावच्या बाजारात कुणीतरी आप्पांना मोठ्या खुशीत सांगितलं, की बघा, आता तुमच्या शेजारची क्रिस्तांवीणसुद्धा आपल्या देवाला नारळ ठेवते. आप्पांचं डोकं फिरलं. घरी येऊन त्यांनी काळा कोट चढवला, जो ते फक्त कचेरीत जाताना घालायचे, आणि तडक इगर्जीवर आले. आम्ही पोरं व्हरांड्यात दोत्रीनला बसलो होतो. आप्पांनी पायरीखाली वहाणा काढल्या आणि फादरना म्हणाले, “फादरानू, गाऱ्हाना मी घातलंय. कोणाकोणाचा नाव घेतलंय, ता माझ्याशिवाय कोणाक म्हायत? ह्या बायन माका सांगल्यान, नारळ वाटपाक घेया, सगळ्यांच्या जेवणाक, देवाक नाय. माझ्या घोवाचा नाव माझ्या देवाकडेच रवांदे, असा म्हणाली. मी गावचो मानकरी हात जोडून उभो होतंय, तरी ती हलली नाय. आणि तुमी तिका मागे बसवल्यात?”

वाटपाक! म्हणजे आमटीसाठी पाट्यावर वाटायला. तीन दिवसांच्या जेवणात सगळ्यांनी नारळ घातले, तसा तूही घातलास. एवढंच होतं ते. नारळ एका हातातून दुसऱ्या हातात गेला की तो आमटीत जातोय की देवापुढे, हे आपल्या गावात विचारल्याशिवाय कळत नाही, आणि मी विचारलं नव्हतं.

त्याच संध्याकाळी फादर आपल्या घरी आले. उभ्यानेच म्हणाले, माझी चूक झाली. तू त्यांना बसायला बाक पुसून दिलास, काळी कॉफी दिलीस आणि वेदीच्या नव्या कापडाला काठ केवढा ठेवू ते विचारलंस.

ईस्टरला तू माझ्या शेजारी गुडघे टेकलेस. तुझं कोपर माझ्या कोपराला लागत होतं. सगळ्यांत जास्त आनंद मला व्हायला हवा होता, आणि माझ्या घशाखाली प्रसाद उतरेना. आदल्या दिवशीच्या कुमसारात मी गूळ चोरलेला सांगितला, बकरीला दगड मारलेला सांगितला. हे तेवढं गिळलं.

त्यानंतर मी किती वेळा तुला सांगायला निघाले! ट्रेनिंगला जाताना, नोकरी लागली तेव्हा, लग्नाच्या आदल्या दिवशी तू माझी वेणी घालत होतीस तेव्हा तर ओठावर आलं होतं. तू म्हणालीस मान सरळ ठेव, आणि ते राहिलंच. मग गेल्या वर्षी तुला ताप आला आणि तीन दिवसांत सगळं आटोपलं. मला वाटलं, माय काही न कळताच गेली. त्यातल्या त्यात बरं झालं, असंही वाटलं.

आता काल आप्पांनी काय सांगितलं ते ऐक.

त्या दिवशी कोट घालून इगर्जीवर निघाले तेव्हा तू त्यांना बांधावर भेटलीस. कुठे निघालात ते कळल्यावर तू त्यांना अडवलं नाहीस. फक्त एक गोष्ट मागून घेतलीस. ती मला आप्पांनी तुझ्याच शब्दांत सांगितली. “आप्पानू, जातास तर जावा. पण फादराक कोणी सांगल्यान ता इचारू नकात. ता माझ्या चेडवान सांगल्यान. नारळ देताना तीच बघत होती. माका कळला, ह्या तिका कळता नये. तिच्या कोमुन्यांवाक थोडेच दीस रवलेत.”

आप्पांनी बारा वर्षं शब्द पाळला. म्हणाले, आता तिचं वर्ष झालं, आता मी मोकळा.

माय, तुला माहीत होतं? पत्र सांगताना माहीत होतं? “त्याच्यावरही रागावू नका” हे तू पापांना सांगत नव्हतीस, मला सांगत होतीस! मशीनवरून माझ्याकडे बघत सांगत होतीस, आणि मी वेंधळी शुद्धलेखन सांभाळत बसले होते. काल आप्पा गेल्यावर मी आधी हसले, मग रडले, आणि मग तुझ्यावर इतकी चिडले की भिंतीवरच्या तुझ्या फोटोकडे पाठ करून जेवले.

अगं, तू आप्पांना तोंडावर नाही म्हणालीस, त्यांचं मन न दुखवता. फादरना तोंडावर नाही म्हणालीस, त्यांची कापडं धूत. कुणाला भ्यायली नाहीस. मग माझ्याशीच का बोलली नाहीस? मला सांभाळलंस, कबूल. माझा फ्रॉक, माझा दिवस, सगळं राखलंस, स्वतः चार महिने मागच्या बाकावर बसून. पण मला माफ केलंस हे मला कळायला नको होतं? अकरा वर्षं मी तुझ्या हातचं जेवले ते चोरासारखं. तू जवळ घेतलंस की मी लवकर सुटायला बघायची. तुला वाटलं असेल, पोरगी मोठी झाली, लाजते.

आणखी एक सांगायचं राहिलं. मला सहावा महिना लागलाय. यंदा मार्गशीर्षात गावपळण आहे, आणि मी येणार आहे. तुझ्या झोपडीच्या जागी झोपडी घालीन, तेर्स म्हणीन, घरी म्हणते तेवढ्याच आवाजात. आप्पा नाव घेऊ का म्हणाले तर हात जोडून नको म्हणीन, आणि काकींचा गुडघा विसरणार नाही. हे सगळं तुझ्यासारखं करीन, माय, शब्द देते.

पण एक तुझ्यासारखं करणार नाही. माझं लेकरूही कधीतरी काहीतरी भलतंच बोलून बसेल आणि तोंड लपवत फिरेल. तेव्हा त्याला मी त्याच दिवशी पुढ्यात बसवीन आणि सांगीन, मला कळलंय, आणि मी तुला माफ केलंय, चल जेवायला.

तुझी,
फिलू