आई भरते ती सुई

३ मार्च, मंगळवार

३९२. उपाशीपोटी! काल रात्री एक उकडलेलं अंडं आणि अर्धी काकडी, एवढंच पोटात. अंड्यात कुठून आली एवढी साखर? कोंबडीलाच जाब विचारायला हवा.

बोट धुतलं, पुसलं, परत टोचलं. ३८८. चप्पल भिंतीवर फेकून मारली. मग दुसरी. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "सकाळी सकाळी काय गं?" म्हटलं, "झुरळ." दोन झुरळं होती म्हणे!

नवव्या वर्षी लागलंय हे दुखणं, आता एकोणतिशी आली. टाइप वन. माझं शरीर इन्सुलिन बनवतच नाही, बाहेरून टोचावं लागतं — जेवणाआधी तीनदा, झोपताना एकदा. वीस वर्षं मोजते, टोचते, घड्याळ लावून खाते. आणि आता तीन आठवडे झाले, मीटर तीनशेच्या खाली यायलाच तयार नाही. कारण काय? कुणाला माहीत नाही. मला कुणाचा तरी गळा धरावासा वाटतोय.

५ मार्च, गुरुवार

डॉक्टरकडे. कागदावरचे आकडे बघून चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं — "लपून काही खाता का? खरं सांगा. मी रागावणार नाही."

तू काय रागावणार! मी रागावले. टेबलावरचा पेनांचा डबा हाताला लागला तो उडवला. पेनं सगळ्या खोलीभर. बाहेर बसलेल्या बाईनं पोराला जवळ ओढलं. डॉक्टर शांत. म्हणाले, साखर चढलेली असली की माणूस चिडका होतो, तुमचा दोष नाही. बघा! डॉक्टरच म्हणतात.

डोस वाढवला. जेवणाआधी बाराच्या जागी सोळा.

घरी येऊन आईला सांगितलं. सुया तीच भरते. मी नऊ वर्षांची होते तेव्हा बाटलीत सुई खुपसलेली बघूनच मला घेरी यायची, म्हणून ती माझ्याकडे पाठ करून भरायची आणि भरलेली हातात द्यायची. तेव्हापासून तेच चालू. भरणार ती, टोचणार मी. पहाटे उठून दिवसाच्या चार सुया भरते, प्रत्येकीवर चिकटपट्टी — सकाळ, दुपार, संध्याकाळ, झोप — आणि फ्रिजच्या दारातल्या डबीत ठेवते. दुपारची मी थंड पाकिटात घालून कामावर नेते. वीस वर्षांत एकदा चुकली नाही बाई.

"सोळा?" म्हणाली. "एवढं?"

"मी डॉक्टर आहे की तू?"

तिनं कॅलेंडरच्या कोपऱ्यात सोळा लिहून ठेवलं.

८ मार्च, रविवार

दादा आला होता. गावाच्या दुसऱ्या टोकाला राहतो, फरश्या बसवतो, आणि सगळ्या जगाची फरशी वाकडी आणि आपलीच सरळ असं त्याला वाटतं. आल्या आल्या माझी कपाटं उघडून बघायला लागला! "बिस्किटं कुठं ठेवलीस?" हसत हसत. मजा वाटत होती त्याला.

मग म्हणाला, "अगं, आकडा खोटं बोलत नाही. माणूस बोलतो."

हातात कप होता. चहाचा, रिकामा. सरळ तोंडावर. पुढच्या दाताचा तुकडा पडला. ओठातून रक्त. तो बघतच राहिला, शर्टावर लाळ आणि रक्त गळतंय, आणि मी म्हणतेय, "मोज ना मग! बघ किती आहे! मोज!" मोजली. ४०६. "बघितलंस? ही मी नाही. ही ४०६ आहे."

आई फडकं ओलं करून आली. दादाला दिलं. माझ्याकडे बघितलं नाही. दादा जाताना तिला दारात हळूच काहीतरी म्हणाला. तिनं नको नको अशी मान हलवली.

१० मार्च, मंगळवार

डॉक्टरांनी फोनवर आणखी वाढवला, आता वीस भरते आई. फरक शून्य. ३७०, ४११, ३५९.

कामावर, लाँड्रीत, वाफेच्या मशीनवर होते. चादर पसरायची, झाकण खाली दाबायचं, वाफ सुटते, झाकण वर. समोर माझी जोडीदारीण, बुटकी. ती सुरकुत्या काढते, मी दाबते. सारखं लघवीला जावं लागतं म्हणून तिनं टोमणा मारला — "राणीसाहेबांची स्वारी निघाली!" डोकंच सरकलं. झाकण दाबलं. तिचा हात आत होता.

वेळेवर काढला तिनं. बोटांची टोकं लाल झाली, फोड आले नाहीत. किंचाळली मात्र अशी की वरच्या मजल्यावरून लोक धावले. सुपरवायझर म्हणाला, "पंधरा दिवस घरी बस. साखर उतरली की ये." म्हटलं, मी मुद्दाम नाही केलं. बुटकी हात छातीशी धरून उभी होती.

मुद्दाम नाही केलं. चारशे असताना माणूस मुद्दाम काय करणार!

१२ मार्च, गुरुवार

सापडलं! औषधवाला! उन्हात ठेवलेला माल विकत असणार. इन्सुलिन तापलं की त्यात दम राहत नाही, हे शेंबड्या पोराला कळतं.

गेले. म्हटलं, फ्रिज दाखव. त्यानं दाखवला. थर्मामीटर आत, चार डिग्री. म्हटलं, रात्री बंद करत असशील. म्हणाला, "ताई, वीस वर्षं तुमच्या घरी देतोय. दुसरी सहा माणसं हीच बाटली नेतात, त्यांची साखर ठीक आहे."

दुसरी सहा माणसं! माझ्या हातात डबा होता, स्टीलचा. काउंटरच्या काचेवर मारला. एकदा तडा, दुसऱ्यांदा खाली. काच, गोळ्यांची पाकिटं, माझं मनगट, सगळं एकत्र. त्यानंच पट्टी बांधली. म्हणाला, "पोलिसांत जात नाही, तुमच्या आईकडे बघून. पण परत दुकानाची पायरी चढू नका."

आईनं जाऊन काचेचं काय ते बघितलं. आल्यावर बराच वेळ मोरीशी उभी होती, पाणी सोडून. रडत होती बहुतेक. रड. मी पण मरतेय इथे.

१४ मार्च, शनिवार

४३८. अक्षरं पोहतायत. तोंडाला कसला तरी आंबूस वास. दोनदा उलटी. आई म्हणते दवाखान्यात चल. म्हटलं, परत लपून काय खाल्लं विचारतील.

१९ मार्च, गुरुवार

दवाखान्यातून लिहितेय. मेले नाही.

शनिवारी रात्री श्वास लागला. कुत्रं धावून आल्यावर जसं धापा टाकतं तसा. पोटात सुरे. आईनं दादाला बोलावलं, त्यानं उचलून गाडीत घातलं. रक्त आंबट झालं होतं म्हणे, आणखी पाच-सहा तासांत संपले असते. सिस्टर हाताला नळी लावत होती, मी तिला लाथ मारली. दोघांनी पाय धरले. तेही आठवत नाही, दादानं सांगितलं. फुटक्या दातानं सांगत होता.

पण गंमत बघ. मंगळवारपासून सिस्टर सुई भरून देते. वीस नाही — बारा. जुना डोस! आणि साखर १३२. १४७. ११९. जेवण तेच, मी तीच, बाटली त्याच औषधवाल्याच्या दुकानातली — आईनं घरून आणलेली, सील न फोडलेली.

डॉक्टर पलंगाशी उभे राहून म्हणाले, "मग घरी काय वेगळं होतं?"

मी फ्रिज म्हटलं. आई कोपऱ्यात स्टुलावर होती. पाणी आणते म्हणून उठून गेली. पाण्याचा जग भरलेला होता.

२१ मार्च, शनिवार

घरी आले. फ्रिजमध्ये थर्मामीटर ठेवलाय. पाच डिग्री. फ्रिज ठीक आहे.

२२ मार्च, रविवार

पहाटे जाग आली. स्वयंपाकघरात दिवा. आई मोरीत बाटली ओतत होती. इन्सुलिनची, रबरी बूच सुरीनं उचकटलेलं. दुसरी तशीच बाटली ओट्यावर, नीट, बूच असलेली.

"इन्सुलिन का ओततेस?"

दचकली. म्हणाली, "हे इन्सुलिन नाही."

पाणी होतं. उकळून गार केलेलं पाणी. ती सुईत आधी पाणी घ्यायची, मग वर इन्सुलिन. रेघ बरोबर बाराला, सोळाला, विसाला. आत निम्मं पाणी. कधी निम्म्याहून जास्त. फेब्रुवारीपासून!

मी काय केलं ते लिहिते. हात उगारला. आणि आईनं दोन्ही हात गळ्यावर नेले. तोंडावर नाही. गळ्यावर.

माझा हात तसाच वर राहिला. मग खाली आला.

२३ मार्च, सोमवार

आई काल रात्रभर बोलत होती. एकदा सुटली ती सुटलीच.

"फेब्रुवारीतल्या त्या संध्याकाळी तुझी साखर खाली गेली होती. तू माझा गळा धरलास. फ्रिजला टेकवून. तुझे डोळे तुझे नव्हते. मला वाटलं, आज माझी लेक मला मारणार आणि शुद्धीवर आली की तिला कळणारसुद्धा नाही. मग जगेल कशी ती?"

मानेवर वळ होते, म्हणून आठवडाभर स्कार्फ गुंडाळून फिरत होती. दादाला सांगितलं, सर्दी झालीय.

"म्हणून ठरवलं, खाली जाऊच द्यायची नाही. थोडी वरच राहू दे. दोनशेपर्यंत. एवढी चढेल असं नव्हतं वाटलं गं. चढली की दुसऱ्या दिवशी पाणी कमी करायचे. मग तू कप फेकलास, काच फोडलीस, आणि भरताना परत भीती वाटायची, परत पाणी जास्त घालायचे. तू मरायला टेकलीस तेव्हा कळलं मला. माझ्याच हातानं..."

ती रडायला लागली. मीही रडले. डोकं तिच्या मांडीवर ठेवलं. तिनं केसांतून हात फिरवला, पण हात जरा अंतर राखूनच होता.

म्हणाली, "तुला काहीच आठवत नाही ना त्या दिवशीचं?"

म्हटलं, "नाही."

"बरं झालं," म्हणाली.

२४ मार्च, मंगळवार

सुया मी भरल्या. चार. घेरी आली नाही.

२६ मार्च, गुरुवार

सकाळी ११४. दुपारी १२८. शांत आहे सगळं.

मीटरमध्ये मागचे आकडे राहतात, तारीखवेळेसकट. बटण दाबत दाबत मागे गेले. बारा फेब्रुवारी, संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटं — १२१. आजच्याइतकीच.

आई म्हणाली होती, "थोडे दिवस दादाकडे राहून येते." एवढंच. सव्वासहा वाजले असतील. मला आठवतंय. सगळं. गळा सोडल्यावर ती खाली बसली, आणि मीच म्हटलं, "साखर खाली गेलीय वाटतं माझी." ती उठली, साखरेचं पाणी केलं, पेला दोन्ही हातांनी धरून माझ्या तोंडाला लावला. मी प्यायले.